गावाचे पाणी आणि मुलांचे दात



दंतवैद्यकाची पदवी घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरने मुलांच्या दातांविषयी पहिला सल्ला देण्यापूर्वी त्या मुलांच्या घरी पिण्याचे पाणी कुठून येते, याची चौकशी करावी. पाठ्यपुस्तकात फ्लोराइड हे दातांचे रक्षक म्हणून भेटते आणि ते खरेही आहे. परंतु यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांत बोअरवेल आणि हातपंपांच्या पाण्यात ते खडकांतून विरघळून आधीच मर्यादेपेक्षा अधिक उतरलेले असते, आणि तिथे तेच द्रव्य वाढत्या वयातील दात डागाळून टाकते व पुढे हाडे आणि सांधेही जखडते. दंतविकार आणि अस्थिविकार या दोन्ही रूपांतल्या या दोषाला फ्लोरोसिस म्हणतात.

फ्लोराइडचा लाभ आणि त्याची हानी या दोन्ही गोष्टी एकाच शोधातून पुढे आल्या, हे विसरता कामा नये. १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले, आणि असे डागाळलेले दात किडतात मात्र कमी, हे पुढे त्याच्या ध्यानात आले. त्यामागे पाण्यातील फ्लोराइड असल्याचे १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाच्या तपासणीतून उघड झाले. डाग फारसे न पडता कीड रोखली जाईल असे प्रमाण, म्हणजे लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम, ट्रेंडली डीन यांच्या पाहणीतून ठरले आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यात आले. २०१५ मध्ये अमेरिकेने ही शिफारस ०.७ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, हे घरोघरच्या आयांना आवर्जून सांगावे लागते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली आहे.

फ्लोराइडचे मुख्य कार्य पोटात नव्हे, दाताच्या पृष्ठभागावर चालते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याची तीव्रता वाढून सामू ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातून, म्हणजे दाताच्या बाहेरील कठीण आवरणातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटू लागतात. लाळ ही झीज पुन्हा भरून काढते, आणि त्या वेळी लाळेत अल्प फ्लोराइड असेल तर नव्याने बसणारा थर आम्लाला सहज दाद देत नाही. म्हणूनच पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावातही फ्लोराइडयुक्त पेस्ट सरसकट बंद करणे योग्य ठरत नाही. ती गिळली जाऊ नये, एवढी काळजी मात्र अधिक घ्यावी लागते. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, ब्रश मोठ्या माणसाने धरावा, आणि मुलाने पेस्ट थुंकून टाकावी. घरात मिश्री लावण्याची सवय असेल तर ती मुलांच्या हाती जाऊ देऊ नये, कारण ती तंबाखूच आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून थांबतात. मुलांच्या तोंडात याहून मोठे नुकसान करणारा गैरसमज क्वचितच असेल. या दाढेच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत, म्हणून ती पूर्ण वर येताच त्या खाचा राळेसारख्या द्रव्याने बंद कराव्यात. याला सीलंट म्हणतात. किडीचा धोका जास्त असलेल्या मुलांना वर्षातून किमान दोनदा फ्लोराइड वार्निशचा लेप द्यावा. हा लेप अगदी थोडा लागतो आणि दातालाच चिकटून राहतो. जिथे भूल देऊन पोकळी भरणे शक्य नाही तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने कीड थांबवता येते, मात्र किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगूनच ते वापरावे.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक घासानंतर आम्लाचा नवा फेरा सुरू होतो. दिवसभर चहात बुडवून खाल्ली जाणारी बिस्किटे आणि झोपताना तोंडात राहणारी दुधाची बाटली यांचे नुकसान सणाच्या एका लाडवाहून कितीतरी अधिक असते.

म्हणून अशा तरुण डॉक्टरने पहिले शालेय शिबिर घेण्यापूर्वी तालुक्यातील पाण्याच्या स्रोतांचे तपासणी अहवाल मागवावेत, आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना सोबत घ्यावे, आणि प्रत्येक मुलाच्या कार्डावर त्याच्या घरच्या पाण्याचा स्रोत नोंदवून मगच तोंड तपासावे.