सातवीतल्या मुलींच्या आईबाबांशी



आज सातवीतल्या मुलींच्या आईबाबांशी थोडं बोलायचं आहे. पाचवी-आठवीवाल्यांनीही बसायला हरकत नाही. मुलग्यांच्या आईबाबांनी तर उठूच नका, तुमच्याकडे जास्त काम आहे.

मी मधल्या इयत्तांना विज्ञान शिकवते. पाचवीच्या वर्गात भिंग नेलं की मुंगीचे पाय मोजायला मुलगे-मुली सारखीच झुंबड करतात. सातवी संपत येते तेव्हा प्रयोगाच्या टेबलापाशी मुलगे असतात आणि मागच्या बाजूला मुली वहीत आकृती काढत असतात. वही अगदी देखणी असते हं. भागांना नावं दिलेली, पट्टीनं रेघा मारलेल्या. फक्त परीक्षानळी हातात धरलेली नसते. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे हे कुठून आलं ते सापडत नाही आणि कुणाला विचारताही येत नाही.

हीच गोष्ट एका बाईंना फार खटकली होती. आयुष्यातली शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी या एवढ्याच वयाच्या मुलांमागे घालवली. त्या होत्या सॅली राइड. 18 जून 1983 रोजी चॅलेंजर यानातून अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. त्यांच्याआधी रशियाच्या दोघी जाऊन आल्या होत्या, 1963 मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा आणि 1982 मध्ये स्वेतलाना सावित्स्काया. आपल्याकडे स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादी कल्पना चावला असते, आता सुनीता विल्यम्सही असते. सॅली कधी पाहिली नाही. म्हणून आज तिची गोष्ट. आणि तिच्यापेक्षाही तिच्या आईबापांची, कारण मला त्यांच्याकडूनच घेण्यासारखं जास्त दिसतं.

पालकसभेत मला हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, आम्हाला काही त्यातलं कळत नाही हो." सॅलीच्या वडिलांनाही त्यातलं कळत नव्हतं. डेल राइड लॉस एंजेलिसजवळ एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आई जॉइस स्त्रियांच्या तुरुंगात समुपदेशनाचं काम स्वेच्छेनं करायची. घरात शास्त्रज्ञ औषधालाही नव्हता. त्यांनी केलं एवढंच की मुलीला रसायनाच्या प्रयोगांचा संच आणून दिला, एक दुर्बीण आणून दिली आणि पुढे तिच्या मागे लागले नाहीत. "आज काय प्रयोग केलास, दाखव" असं पाहुण्यांसमोर तिला उभं केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

ती नऊ वर्षांची असताना या कुटुंबानं वर्षभर युरोपात भटकंती केली. शाळा बुडाली. परत आली तेव्हा ती वर्गाच्या मागे पडली नव्हती, उलट थोडी पुढेच गेली होती. त्याच प्रवासात टेनिसचं वेड लागलं आणि पुढे ती देशपातळीवर नाव असलेली ज्युनियर खेळाडू झाली. टेनिसच्या जोरावर मुलींच्या एका चांगल्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथे शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. एलिझाबेथ मोमर्ट्स भेटल्या आणि विचार कसा करायचा हे त्यांच्याकडून कळलं, असं सॅली नेहमी सांगायची. बाकीच्या तासांना म्हणे ती कंटाळायची. हुशार पण लक्ष नाही, असा शेरा आपल्याकडे जिच्या प्रगतिपुस्तकावर हमखास पडला असता, त्यातली.

आता खरी परीक्षा. शाळेनंतर ती पार दुसऱ्या टोकाच्या पेनसिल्वेनियातल्या स्वार्थमोर या नामांकित कॉलेजात गेली, भौतिकशास्त्र घेतलं आणि तीन सेमिस्टर झाल्यावर सगळं सोडून घरी परत आली. कशासाठी? टेनिस व्यावसायिक पातळीवर जमतंय का, हे बघायला! हे आपल्या घरात घडलं असतं तर काय झालं असतं, याचा क्षणभर विचार करा. आत्याला फोन, मामाला फोन, आणि दोन वर्षं घरात कुणी एकमेकांशी धड बोललं नसतं. राइडांच्या घरात तिला तो नाद पुरता तपासून बघू दिला गेला. काही महिन्यांत तिचं तिलाच कळलं की आपण त्या पातळीच्या नाही. मग ती स्टॅनफर्डला गेली आणि 1973 साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली. सोबत इंग्रजी साहित्याचीही घेतली. म्हणजे "सायन्स की आर्ट्स" हा आपल्या घरात दहावीच्या निकालानंतर पेटणारा प्रश्न तिनं दोन्ही घेऊन मिटवला. त्याच विद्यापीठात 1978 मध्ये भौतिकशास्त्रात पीएचडी झाली.

पीएचडी पूर्ण होत आली असताना विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिला नासाची जाहिरात दिसली. अंतराळवीर हवेत, आणि या खेपेला बायकांनाही अर्ज करता येईल. आठ हजारांवर अर्ज आले, 35 जण निवडले गेले, त्यात बायका सहा. सॅली त्यातली एक. प्रशिक्षणात यानाचा यांत्रिक हात चालवण्यात ती तरबेज झाली. पहिल्याच उड्डाणात त्या हातानं तिनं एक उपग्रह अंतराळात सोडला आणि परत पकडून आणला. त्या उपग्रहावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेला चॅलेंजरचा फोटो मिळाला तर मुलांना जरूर दाखवा. यानाचा तो हात इंग्रजी 7 आकड्यासारखा वाकवलेला दिसतो, कारण मोहिमेचा क्रमांक सात होता. माझ्या वर्गाला तो फोटो सगळ्यांत आवडतो.

पण उड्डाणाआधी पत्रकारांनी तिला काय विचारावं? काम बिघडलं की तुम्ही रडता का? मुलंबाळं होण्यावर परिणाम होईल का? तिनं शेजारी बसलेल्या पुरुष सहकाऱ्याचं नाव घेऊन उलट विचारलं की हे प्रश्न याला का नाही विचारत? नासाचे इंजिनियर तरी शहाणे म्हणावेत, तर त्यांनी तिच्यासाठी खास प्रसाधनपेटी बनवली होती. मासिक पाळीची तयारी म्हणून टॅम्पॉन किती ठेवायचे यावरही खल झाला, आणि आठवडाभराच्या मोहिमेला शंभर पुरतील ना, असं तिला विचारलं. नाही, हा आकडा बरोबर नाही, एवढंच ती म्हणाली. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेतली ही माणसं! हा किस्सा मी आठवीच्या मुलामुलींना एकत्र बसवून सांगते. आधी खसखस पिकते, मग मुलगे गप्प होतात आणि त्यातला एखादा हळूच विचारतो, "मग किती लागतात?" मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. मुलग्यांच्या आईबाबांनो, तुम्हाला बसवून ठेवलं ते यासाठी.

आपण असे ढळढळीत प्रश्न विचारत नाही. आपल्या घरातली वाक्यं मऊ असतात. फ्यूज उडाला की दादाला हाक, पाहुणे आले की ताईला. "गणित जमत नाही? आईवर गेली आहे." हे तर आई स्वतःच कौतुकानं सांगते, मुलीच्या देखत. जुनं घड्याळ उघडून बसलेल्या मुलाला आपण इंजिनियर म्हणतो आणि मुलीला पसारा आवर म्हणतो. एकेक वाक्य तसं निरुपद्रवीच. सातवीपर्यंत अशी किती कानावर पडली याचा हिशेब मात्र मूल ठेवतं.

सॅलीचं म्हणणं साधारण असं होतं. प्राथमिक शाळेत विज्ञानाची ओढ मुलामुलींना सारखीच असते. मग मधल्या इयत्तांत मुली गळू लागतात, आणि कारण बुद्धीचं नसतं. आजूबाजूचे काय म्हणतात, आपण कुणासारखं दिसावं, हे त्या वयात कळू लागलेलं असतं. म्हणून 2001 मध्ये तिनं सॅली राइड सायन्स ही संस्था काढली. मुलींसाठी विज्ञानजत्रा, शिक्षकांची प्रशिक्षणं, पुस्तकं. तोवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमध्ये ती भौतिकशास्त्राची प्राध्यापक होती. मोठ्या पगाराच्या कुठल्याही खुर्चीवर बसली असती, पण हे निवडलं.

तिचा आणखी एक उपक्रम मला मनापासून आवडतो, अर्थकॅम. आधी स्पेस शटलमध्ये आणि नंतर अंतराळ स्थानकात एक कॅमेरा बसवला आणि त्यानं कुठला फोटो काढायचा हे ठरवायचं शाळेतल्या मुलांनी. स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून फिरतं, दीड तासात एक फेरी. आपल्याला हवी ती नदी, हवा तो ज्वालामुखी त्याच्या खाली नेमका कधी येणार, तेव्हा तिथे दिवस असेल की रात्र, हे नकाशा, अक्षांश-रेखांश घेऊन मुलांनी काढायचं आणि वेळ कळवायची. गणित चुकलं तर फोटोत नदीऐवजी समुद्र. मग पुन्हा मांडायचं. चुकलेल्या फोटोला कुणी गुण कापत नसे, हे त्यातलं खरं शिक्षण. सॅलीच्या पश्चात या उपक्रमाला तिचं नाव दिलं गेलं.

मुलगी अबोल आहे, पुढे पुढे करत नाही, म्हणून काळजी करणाऱ्या आयांसाठी एक प्रसंग. सॅलीही अबोलच होती. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं. सात जण गेले, त्यात ख्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिका होत्या. सॅली चौकशी आयोगावर होती. आयोगातलेच जनरल कुटिना यांनी पुढे, तिच्या निधनानंतर सांगितलं की एके दिवशी बरोबर चालता चालता तिनं वहीतून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. बोलली काही नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कागदावर दोन रकाने होते. एकात तापमान, दुसऱ्यात त्या तापमानाला रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं किती लवचीक राहतं ते. थंडीत ते कडक होत होतं, आणि उड्डाणाची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. सॅलीला तो कागद देणाऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून कुटिनांनी ही गोष्ट आडवळणानं आयोगातलेच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या कानावर घातली. पुढे फाइनमननी सगळ्यांदेखत त्या कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला आणि जगाला कारण कळलं. नाव फाइनमनचं झालं. सॅलीनं हयातभर त्यावर हक्क सांगितला नाही.

सतरा वर्षांनी, 1 फेब्रुवारी 2003 ला, कोलंबिया यान परतताना तुटलं. आपली कल्पना चावला त्यात होती. त्याही चौकशी मंडळावर सॅली होती. दोन्ही चौकशांत काम केलेली ती एकटीच. इशारे मिळत होते, वरच्यांनी ते सवयीचे मानले, हेच पुन्हा घडलं होतं, आणि हे आपण पूर्वी ऐकलेलं आहे, असं तिनं तेव्हा बोलून दाखवलं. वर्गात "सर, हे चुकलंय" म्हणणारं पोर आपल्याला आगाऊ वाटतं, तेव्हा मी या दोन यानांची आठवण काढते.

एक गोष्ट सांगू की नको, असं वाटत होतं, पण हितगुज म्हटलं तर सांगायलाच हवी. स्वादुपिंडाच्या कर्करोगानं 23 जुलै 2012 ला, 61 व्या वर्षी सॅली गेली. तिच्या मृत्युवार्तेत जगानं पहिल्यांदा वाचलं की टॅम ओशॉनेसी ही तिची लहानपणची टेनिसमधली मैत्रीण, आणि तिच्याबरोबर संस्था उभारणारी, 27 वर्षं तिची जोडीदार होती. रॉकेटवर बसायला न घाबरलेल्या बाईला हे एक वाक्य जाहीरपणे उच्चारता आलं नाही. आपल्या मुलांच्या पोटात काय काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. ते बाहेर यावं अशी जागा घरात आहे का, याचं उत्तर मला देऊ नका, रात्री दोघांनी बसून एकमेकांना द्या.

2013 मध्ये अमेरिकेनं तिला सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला, 2022 मध्ये नाण्यावर तिचा चेहरा आला. हे सगळं भाषणाला उपयोगी आहे, मुलीला पाठ करायला दिलंत तर माझी तक्रार नाही. पण त्याआधी एक काम द्या. अंतराळ स्थानक आपल्या गावावरून कधी दिसणार ते तिला शोधू द्या. इंटरनेटवर वेळा मिळतात. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी थोडा वेळ दिसतं, न लुकलुकता सरळ जाणारा ठळक ठिपका, पाचेक मिनिटं. कुठल्या दिशेनं येईल, किती उंचीवर, घरच्यांना किती वाजता उठवायचं, हे सगळं तिनंच ठरवायचं आणि बाबांनी मुकाट्यानं गच्चीवर जायचं. दिशा चुकली किंवा ढग आले, तर टोमणा न मारता पुढची वेळ तिलाच काढू द्या. आणि शेजारच्यांच्या मुलीलाही बोलवा.