पाण्याखाली तग धरणारे भात

मुलांनो, भाताला पाणी फार लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग पुराच्या पाण्याने भाताचे पीक का मरते?

खाचरात पाणी असले, तरी भाताची पाने हवेत असतात. पुरात मात्र सबंध रोप बुडते. मग पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी ते भराभर उंच वाढू लागते. या धडपडीत त्याने साठवलेले अन्न संपते. पूर आठवडाभर टिकला, की बहुतेक रोपे मरतात. ओडिशा, बिहार, आसाम आणि बांगलादेश येथे असे पूर वारंवार येतात. तेथील लहान शेतकऱ्याचे घर भाताच्या पिकावर चालते. पीक बुडाले, की घरातले धान्यही गेले आणि पुढच्या पेरणीचे बियाणेही गेले.

या संकटावर उपाय कोठे सापडला असेल? ओडिशातल्याच भाताच्या एका जुन्या जातीत! ही जात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगत असे. परंतु तिचे उत्पन्न कमी होते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी संकर करून तिचा हा गुण 'स्वर्णा' या भरपूर पिकणाऱ्या जातीत आणला. त्यातून 'स्वर्णा सब-१' ही जात तयार झाली. २००९ साली भारतात तिच्या लागवडीला मान्यता मिळाली.

पुरात बुडाल्यावर हे रोप वाढायचे थांबते. जणू झोपी जाते. साठवलेले अन्न ते जपून वापरते. पाणी ओसरले, की पुन्हा फुटते. पूर आला नाही, तरी त्याचे उत्पन्न 'स्वर्णा'इतकेच येते.

अर्थात, पाणी फार दिवस राहिले, तर हे भातही मरते. शिवाय नुसत्या बियाण्याने जगाची भूक मिटत नाही. ते गरिबाच्या शेतापर्यंत पोहोचले पाहिजे आणि पिकलेले धान्य उपाशी माणसाच्या ताटात पडले पाहिजे. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या जुन्या भाताचे बी कोणी जपलेच नसते, तर शास्त्रज्ञांनी तो गुण कोठून आणला असता?

शब्दार्थ
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
तग धरणे – टिकून राहणे
संकर – दोन जातींचा मेळ
ओसरणे – कमी होणे

स्वाध्याय
१. पुरात भाताचे साधे रोप का मरते?
२. 'स्वर्णा सब-१' पाण्याखाली कसे जगते?
३. तुमच्या भागातील धान्याच्या जुन्या जातींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.