खांद्याच्या टोकाचं हाड

१. दुखणं एका बोटाने दाखवता येतंय का, ते आधी पाहा. माझं बोट दरवेळी एकाच जागी जायचं : कॉलरबोन खांद्याला जिथे भिडतं, तिथे. बेंच प्रेसला कळ, डिप्सला कळ, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग. वर्ध्यात भरतीची तयारी करणारी पोरं याला ‘नस चढली’ म्हणतात आणि तेल चोळून घेतात. हाड झिजत असेल, तर चोळून ते थांबत नाही.

२. एक्सरेत फक्त कॉलरबोनचं टोक विरळ, कुरतडल्यासारखं दिसलं. त्याला भिडणारं खांद्याचं हाड शाबूत होतं. रोजच्या भाराने हाडाला बारीक इजा होते, ती भरून यायच्या आत पुन्हा भार पडतो, आणि हाड बनण्यापेक्षा विरघळतं जास्त. अमेरिकेतल्या डॉ. काहिल यांनी १९८२ साली असे ४६ खेळाडू नोंदवले. त्यांतले ४५ जण वजनं मारणारे होते. सुरुवातीला एक्सरे साफही येऊ शकतो. दुखणं हटत नसेल तर एमआरआयबद्दल विचारा.

३. विश्रांती म्हणजे खाटेवर पडणं नव्हे. बेंच, डिप्स, जोर आणि डोक्यावर वजन उचलणं बंद. धावणं आणि पायांचा व्यायाम चालू. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी यात थांबत नाही. गोळाफेकीचा ७.२६० किलोचा गोळा मात्र सगळ्यात शेवटी हातात घ्या.

४. बर्फ, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, फिजिओथेरपी. सांध्यात इंजेक्शन दिलं की दुखणं लवकर ओसरू शकतं, आणि खरा धोका तिथेच असतो. कळ गेली म्हणजे हाड भरलं असं नाही. ते भरायला महिने लागतात. फरक पडला म्हणून पुन्हा जुन्याच वजनावर गेलेल्याचं दुखणं परततं. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण भार खरोखर कमी केला तरच.

५. परतताना पकड अरुंद ठेवा. छातीवर टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, म्हणजे रॉड चार-सहा सेंटिमीटर वरच थांबतो आणि कोपर पाठीमागे जात नाही.

६. हेच दुखणं हिंगणघाटच्या बाजारात पोती उचलणाऱ्याला असेल, तर त्याला ‘व्यायाम बंद करा’ सांगून काय उपयोग? त्याने डॉक्टरांना आधी आपलं काम सांगावं. दादा, काही महिने काट्यावरचं, शिलाईचं काम मागून घ्या. आणि मुकादमांनो, ते त्याला द्या.