परसबागेचे पहिले चाळीस दिवस

ज्यानें कधीं भाजी लावलेली नाहीं असा मनुष्य जेव्हां प्रथमच परसांत बीं पेरतो, तेव्हां त्यास शेवट ठाऊक असतो, मधला प्रवास नसतो. भेंडी कशी दिसते हें तो जाणतो. परंतु बीं मातींत गेल्यापासून भेंडी टोपलींत येईपर्यंत ज्या पायऱ्या आहेत त्यांची त्यास ओळख नसते. म्हणून बाग नीट चालली असतांहि ती बिघडली असें त्यास वाटतें, आणि खरोखर बिघडूं लागते तेव्हां तो निश्चिंत असतो. माझ्या पाहण्यांतील बहुतेक नव्या परसबागा किडीनें बुडाल्या नाहींत; त्या पांचव्या आठवड्यांत मालकाच्या निराशेनें बुडाल्या. यास्तव पेरणीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत काय घडतें, कोणतें चिन्ह चांगलें व कोणतें वाईट, याचा विचार या पाठांत करूं.

उदाहरणादाखल आमच्या मंडळींतील एका मजूर कुटुंबाची यंदाची बाग घेऊं. घरामागें मोरीच्या पाण्यालगत पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद एवढी जागा. नवराबायको दोघेंहि कामावर जातात. घरीं सासू व दोन लेंकरें. आषाढ-श्रावणांत बाजाराची भाजी परवडत नाहीं, तेव्हां आठवड्यांतून तीन दिवस तरी मुलांच्या ताटांत भाजी पडावी, एवढाच हेतु. मृगाच्या पावसानें जमीन भिजल्यावर त्यांनीं मेथी, धने, भेंडी व गवार ओळींनीं पेरलीं, कुंपणालगत दुधी व दोडका लाविला, आणि वांगीं व मिरची यांचें बीं निराळ्या गादीवाफ्यावर टाकिलें.

मेथी चौथ्या दिवशीं वर आली, गवार व भेंडी आठवड्याच्या आंत. धने व मिरची मात्र दहा दिवस झाले तरी दिसेनात. बीं जुनें निघालें असें सासूबाईंनीं ठरविलें व वाफा उकरून पाहण्याची तयारी केली. असें कधींहि करूं नये. धना हा एक बीं नसून फळ आहे. त्याच्या कवचांत दोन बिया असतात. तो रगडून दोन फांकी केला व रात्रभर भिजवून पेरला, तरी त्यास आठ ते पंधरा दिवस लागतात. मिरचीसहि साधारण तितकेच. या बागेंत दोन्हीं तेराव्या दिवशीं वर आलीं. बीं फार खोल गेलें असेल तर मात्र तें आंतच कुजतें. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असावी, अधिक नको.

मध्यंतरीं जें हिरवें दिसूं लागतें त्यांतील पुष्कळ आपण पेरलेलें नसतेंच. मातीच्या पोटांत जुनें बीं पडून असतें. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं छापलें गेलें हें पुष्कळांस ठाऊक असेल. ते मोठे बागप्रेमीहि होते, आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांसाठीं त्यांनीं एक मंडळ स्थापिलें. इंग्लंडाहून आलेल्या बियांच्या पिशवींत राहिलेली माती त्यांनीं बंगालमधील सेरामपूरच्या आपल्या बागेंत सावलीच्या जागीं झटकली, तों कांहीं दिवसांनीं तेथें इंग्लंडांतील डेझीचें रोप उगवलें. केरींस त्याचा आनंद झाला; आपल्या मातींतून बहुधा हरळी व लव्हाळाच निघणार. म्हणून नवशिक्यानें बीं फेंकून न टाकतां सरळ ओळींत पेरावें. ओळीबाहेर जें उगवेल तें तण, एवढी ओळख पहिल्या वर्षीं पुरेशी आहे.

आतां सर्वांत अवघड काम, विरळणी. भेंडीच्या दोन ओळींत दीड फूट व दोन झाडांत एक फूट अंतर पाहिजे. एका जागीं दोन बिया टाकून पुढें एकच सशक्त रोप ठेवावें. हातानें पेरलेलें जिवंत रोप उपटावयास मन धजत नाहीं, विशेषतः ज्या घरांत अन्नाचा कण वायां जाऊं देत नाहींत त्या घरांत. या बाईंनीं मेथीची विरळणी केली, कारण उपटलेली मेथी भाजींत घालतां आली; वांग्याचा वाफा मात्र दाट राहूं दिला. तो सर्वांत हिरवागार दिसे. येणाराजाणारा त्याचीच स्तुति करी. पाऊस असतांहि त्यावर रोज संध्याकाळीं झारीनें पाणी घातलें जाई. अठराव्या दिवशीं सकाळीं एका कोपऱ्यांतील रोपें आडवीं पडलेलीं आढळलीं. जमिनीलगत देंठ दोऱ्यानें आवळल्यासारखा बारीक व काळपट झाला होता. यास रोपें कोलमडण्याचा रोग म्हणतात. मातींतील बुरशीमुळें तो होतो, व दाटी आणि ओल यांवर पोसतो. बाईंनीं पाणी बंद केलें, पडलेलीं रोपें मातीसकट काढलीं व उरलेलीं विरळ केलीं. निम्मीं वांचलीं, आणि एवढ्या परसास तीं पुरून उरलीं.

वेलांच्या पहिल्या दोन जाड पानांवर याच सुमारास तांबडे भुंगेरे येतात व चाळणी करतात. पहाटे ते सुस्त असतात. तेव्हां हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे.

तिसऱ्या आठवड्यापासून पांचव्यापर्यंतचा काळ खरा कसोटीचा. भेंडी वीतभर होऊन थबकल्यासारखी दिसते, वांग्याचें रोप चार बोटांवरून हलेना होतें. मुळें या दिवसांत खोल जात असतात, पण तें कोणास दिसणार? पस्तिसाव्या दिवशीं घरधन्यानें हिशेब मांडला: दोन वेळची मेथी, एवढेंच उत्पन्न. हें सर्व उपटून येथें शेळी बांधावी, दूध तरी मिळेल, असें त्याचें म्हणणें. तें अगदींच वावगें नव्हतें; लेंकरांस दूधहि हवेंच. परंतु भेंडीस फूल साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास येतें, आणि फूल आल्यावर पांच-सहा दिवसांत कोंवळी भेंडी तोडणीस येते. पांच आठवडे राबून शेवटच्या आठवड्यांत उपटणें हा हिशेब कोणाच्याच हिताचा नव्हता. बाईंनीं पंधरा दिवसांची मुदत मागितली व ती मिळाली.

मुदतींत आणखी एक धास्ती आली. दोडक्यास घोसानें पिवळीं फुलें आलीं आणि सारीं गळून पडलीं. हीं नर फुलें होत. दोडका, दुधी, भोपळा यांच्या वेलांवर नर फुलें बहुधा आधीं येतात. मादी फूल मागाहून येतें, आणि त्याच्या पाठीशीं बोटाएवढें इवलें फळ आधींच असतें. तें फळ पिवळें पडून गळूं लागलें तरच काळजी करावी. दोडक्याचें फूल सायंकाळीं उमलतें. त्या वेळीं नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेंच टेंकविल्यास फळ धरतें. खत मात्र वाढवूं नये, नाहींतर वेल नुसता माजतो.

भेंडीच्या एका झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. हा हळद्या, पांढरी माशी तो पसरविते व त्यास औषध नाहीं. तें झाड उपटून टाकविलें.

चाळिसाव्या दिवशीं उरलेल्या भेंडीपैकीं सात झाडांवर फूल होतें. वांग्याचीं रोपें त्या आठवड्यांतच एका संध्याकाळीं कायमच्या जागीं लाविलीं; तीं दोन दिवस माना टाकून तिसऱ्या दिवशीं सावरलीं. त्यांचीं फळें सप्टेंबरअखेर मिळूं लागतील. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागेल, नाहींतर ती जून होऊन झाडहि थांबतें. हें काम थोरल्या मुलीकडे दिलें आहे. मेथीचा वाफा रिकामा झाला, तेथें सासूबाईंनीं मुळा पेरला आहे.