फाटकावरच्या वाघ्यासंबंधी भाच्यास पत्र



तुझे पत्र पावले. महाळुंगे येथील तुमच्या कारखान्याच्या फाटकावर राहणाऱ्या वाघ्याच्या जननेंद्रियावर गाठ येऊन तीतून रक्त ठिबकते, चिंचवडच्या पशुवैद्यांनी सुईने पेशी काढून तपासल्यावर तो कुत्र्याकुत्र्यांत पसरणारा कर्करोग ठरवला, आणि तेव्हापासून रात्रपाळीच्या काही मंडळींनी त्याला टेम्पोत घालून राजगुरुनगरच्या पुढे, भीमेपलीकडे सोडून येण्याची तजवीज चालवली आहे, हा सर्व मजकूर वाचला. पशुसंवर्धन खात्याच्या नोकरीत माझी हयात गेली. त्या अधिकाराने आरंभीच स्पष्ट लिहितो की वाघ्याला कोठेही सोडून येऊ नये, आणि त्याचा उपचार त्याच फाटकावर, त्याला भाकरी घालणाऱ्या माणसांच्या देखत पूर्ण व्हावा.

तुझ्या सोबत्यांचे भय अज्ञानातून आले आहे, दुष्टपणातून नव्हे. म्हणून त्यांच्यावर न रागावता त्यांना या रोगाची हकीकत सांग. हा रोग विषाणूने होत नाही, जंतूनेही होत नाही. येथे खुद्द कर्कपेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर, बहुधा समागमाच्या वेळी आणि क्वचित चाटण्या-हुंगण्यातून, जाऊन रुजतात. 2006 मध्ये लंडनच्या क्लॉडिओ मुर्जिया व रॉबिन वाइस यांनी इटली, भारत व केनिया येथील कुत्र्यांच्या गाठींची जनुके तपासली, तेव्हा गाठीची जनुके ती वाहणाऱ्या कुत्र्याशी जुळेनात, पण देशोदेशीच्या गाठी मात्र एकमेकींशी जुळल्या. रत्नागिरीच्या हापूसचे प्रत्येक कलम जसे मुळात एकाच झाडाची फांदी असते, तसा जगातला हा सारा रोग एकाच प्राचीन श्वानाच्या देहाचा अंश आहे. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या चमूने 2019 मध्ये 43 देशांतील 546 गाठी अभ्यासून असे अनुमान काढले की तो श्वान 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशिया खंडात होऊन गेला. त्याचा देह केव्हाच मातीस मिळाला. त्याच्या पेशी मात्र आज तुमच्या वाघ्याच्या अंगावर जिवंत आहेत. माणसाला हा रोग होत नाही, एवढे तर रात्रपाळीच्या मंडळींना निक्षून सांग.

याच अभ्यासातली दुसरी बाब तुमच्या टेम्पोच्या बेताशी थेट संबंध ठेवते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा रोग युरोपात शिरला आणि सुमारे पाचशे वर्षांपूर्वी, दर्यावर्दी लोकांच्या जहाजांवरील कुत्र्यांबरोबर, अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. म्हणजे कुत्र्याला मनुष्याने एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात नेले, आणि रोग पसरला. वाघ्याला भीमेपलीकडे सोडाल तर तेथील कुत्र्यांत रोगाचा नवा अड्डा तुम्हीच वसवाल, आणि एक आजारी, अनोळखी जीव परक्या टोळीच्या दातांखाली अन्नपाण्यावाचून मरेल ते वेगळेच. अशा रीतीने प्राणी टाकून देणे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु ही गोष्ट तुम्ही कायद्याच्या धाकाने न करता समजून-उमजून टाळावी अशी माझी इच्छा आहे.

आता उपचार. श्वानांना होणाऱ्या कर्करोगांपैकी इतका खात्रीने बरा होणारा दुसरा क्वचितच सापडेल. विन्क्रिस्टीन नावाचे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाते आणि बहुतेक रुग्ण चार ते सहा मात्रांत बरे होतात. हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळते. तथापि हे ऐकून कोणी सदाफुलीचा पाला उकळून वाघ्याला पाजू नये, कारण त्या वनस्पतीत इतरही विषारी द्रव्ये आहेत आणि मात्रेचा हिशेब काढ्यात राहत नाही. औषध शिरेबाहेर सांडल्यास तेथील मांस सडते, म्हणून टोचणे पशुवैद्यानेच करावे आणि त्या वेळी वाघ्याला ओळखीच्या माणसाने धरावे. प्रत्येक मात्रेपूर्वी रक्तातील पांढऱ्या पेशींची मोजणी व्हावी. त्या फार उतरल्या असतील तर आठवडाभर थांबावे लागते. भूक मंदावते, कधी मलावरोध होतो. मऊ भात, अंडे, कोंबडीचे पाणी थोडे थोडे द्यावे. मात्रेनंतरचे काही दिवस त्याची घाण हातमोजे घालूनच उचलावी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला गाठ दिसेनाशी झाली म्हणून उपचार सोडू नये. लोक नेमके तेथेच सोडतात आणि रोग उलटतो. तेवढी मुदत त्याला इतर कुत्र्यांपासून अलग ठेवण्यास फाटकाजवळची एखादी बंद शेड मागून घे. औषध महागड्यांत मोडत नाही; पाळीतल्या मंडळींची वर्गणी पुरेल.

बरा झाल्यावर त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करवून घे, कारण समागम थांबला की रोगाची वाट बंद होते. ब्रिटनमध्ये मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण आल्यावर हा रोग विसाव्या शतकात जवळजवळ नाहीसा झाला. महाळुंगे हे खेड तालुक्यातले गाव, तेव्हा 'आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर एखाद्या दफ्तरात मिळेल. त्याने खचू नकोस, लेखी अर्ज देऊन पोच घे. श्वानांच्या जन्मनियंत्रणाची जबाबदारी 2023 च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली असून शस्त्रक्रियेनंतर कुत्रा मूळ जागीच परत सोडावा असा त्यांत दंडक आहे.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने मी अधिक अस्वस्थ झालो. वाघ्या गेल्यावर 'शुद्ध जातीचे, निरोगी' रॉटवायलरचे पिल्लू आणावे असे तुमचे पर्यवेक्षक म्हणतात. शुद्धता आणि आरोग्य या गोष्टी एक नव्हेत. एका जातीची मोजकी जनावरे पिढ्यान्‌पिढ्या आपसांत जुळवली म्हणजे रूप स्थिर होते, पण त्याबरोबर दोषही स्थिर होतात. 2005 मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे दोष हुडकणे सुकर झाले; 2013 मध्ये ग्रेहाउंड, आयरिश वुल्फहाउंड आणि हेच रॉटवायलर यांच्या अभ्यासातून हाडांच्या कर्करोगाशी निगडित असे जनुकसंचातील 33 भाग दाखवले गेले. हाच रोग माणसांच्या पोरवयातील मुलांनाही गाठतो, म्हणून त्या संशोधनाकडे बालरुग्णांचे वैद्यही आशेने पाहतात. अमेरिकेत मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनने 2012 पासून तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हरांची जन्मभराची नोंद ठेवण्याचे काम चालवले आहे, तेही त्या जातीत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे कारण शोधण्यासाठीच.

जनुकात दोष असणे म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. ती केवळ शक्यता होय. पण ज्ञान हाती आल्यावर आपली जबाबदारी वाढते. निगडी-प्राधिकरणात किंवा वाकडात कोणी स्नेही पिल्लू विकत घेणार असेल तर त्याला विक्रेत्याकडे आई-बाप, आजे-पणजे कोणत्या वयात व कशाने गेले याचा दाखला मागावयास सांग, आणि तो न देणाऱ्याच्या दारातून परत फिरावयास सांग. ज्याच्या घरी असे जनावर आजारी आहे त्याला 'पैसे पाण्यात गेले' असे बोलू नये. त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे, वेदनाशामक वेळेवर दिले जाते ना हे पाहावे, आणि बरे होण्याची आशा संपली असेल तर शेवटचा निर्णय मालकाच्या सोयीने नव्हे तर जनावराच्या क्लेशाकडे पाहून, वैद्याच्या सल्ल्याने व्हावा असे त्याला समजवावे.

तुमच्या फाटकाला राखणदार आहे. त्याला बरे करा, नवा आणू नका. येत्या सोमवारी पहिली मात्रा दिली जावी. त्यापूर्वी दोन्ही पाळ्यांच्या मंडळींना हे पत्र वाचून दाखव, आणि दर आठवड्यास गाठीचे माप, वाघ्याचे वजन व रक्ततपासणीचा कागद मला पाठवीत जा.

तुझा,
मामा