जुने डिझेल इंजिन ऑइल का खाते?

पावसाळा सरला की विहिरीवरची व नाल्याकाठची डिझेल इंजिने पुन्हा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर ‘इंजिन ऑइल खाते’ ही तक्रारही सुरू होते. बेळगाव-खानापूर भागात वीज गावोगाव पोचली असली तरी पाच हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे इंजिन अजून पुष्कळांनी सांभाळून ठेवले आहे. मेस्त्री येतो, धूर पाहतो आणि सांगतो, ‘‘रिंगा गेल्या, लायनरही गेला.’’ तसे असेलही. पण ऑइल जाण्याच्या वाटा अनेक आहेत. लायनर-पिस्टनचा खर्च अंगावर घेण्यापूर्वी त्यातली आपली वाट कोणती, हे शेतकऱ्याने स्वतः पाहून घ्यावे.

प्रथम माप घ्यावे. इंजिन सपाट जागी थंड असताना ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे. नंतर किती तास चालले व किती डिझेल लागले हे वहीत लिहावे, आणि पन्नास तासांनी खूण गाठण्यास किती ऑइल लागले ते मापाच्या भांड्याने मोजावे. जळालेल्या डिझेलच्या शेकडा एक भागापर्यंत ऑइल जाणे चालू शकते. पन्नास लिटर डिझेलमागे अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागले तर घाबरू नये. दीड-दोन लिटर लागले तर मात्र शोध घेतलाच पाहिजे. पुष्कळदा इंजिनखालची फरशीच सांगते की ऑइल जळत नसून गळत आहे.

आता ‘ब्लोबाय’ म्हणजे काय ते पाहू. पिस्टनवर दाबलेली हवा व जळालेला वायू रिंगांच्या बाजूने निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, त्याला हे नाव आहे. थोडा वायू नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना चेंबरमधली हवा दाबली जाते, म्हणून ब्रीदरमधून फुसफुस येणारच. अशा बऱ्याच इंजिनांच्या ब्रीदरमध्ये एक पातळ चकती असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. ही चकती चिकटली किंवा जाळी काजळीने बुजली की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर येऊ लागते. रिंगा मात्र चांगल्या असतात! म्हणून सर्वांत आधी ब्रीदर सोडवून रॉकेलने किंवा डिझेलने धुवावा व चकती हलते की नाही ते पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

ब्रीदर साफ करूनही लोडवर त्यातून सतत निळसर धूर जोराने येत असेल तर संशय रिंगांवर घ्यावा. सायलेन्सरचा धूरही पाहावा. सुरू करताना थोडा वेळ निळा धूर येऊन मग थांबत असेल तर ऑइल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरले आहे. काम चालू असताना निळा धूर कायम राहिला तर दोष रिंगा व लायनरकडे. काळा धूर ऑइलचा नव्हे. तो जादा लोड, बुजलेला एअर क्लीनर किंवा बिघडलेले नोझल यांचा.

यापुढची परीक्षा दोघांनी करावी. डिझेलचा कॉक व पंपाचा पुरवठा बंद करावा, नाही तर इंजिन अचानक पेटून हँडल हाताला मारील. एकाने हँडलने पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून धरावा, दुसऱ्याने कान द्यावा. सूं-सूं आवाज ब्रीदरकडून आला तर रिंगा, सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह. खात्रीसाठी नोझल काढून त्या भोकातून एक चमचा, एकच चमचा, ऑइल सोडावे. इंजिन हाताने काही वेळा फिरवून नोझल पुन्हा बसवावे. आता हँडल जड लागले तर ऑइलने रिंगांची फट भरली, असा अर्थ होतो. फरक पडला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा. जास्त ऑइल कधीही घालू नये. पिस्टनवर साचलेले ऑइल कनेक्टिंग रॉड वाकवू शकते, किंवा तेच जाळीत इंजिन बेफाम धावू लागते. तसे झालेच तर हवेचे तोंड लाकडी फळीने बंद करावे, हाताने नव्हे.

पट्टीवरचे ऑइल कमी न होता वाढत असेल तर आनंद मानू नये. डिझेलचा वास व पातळपणा असला तर आत डिझेल उतरत आहे. ताकासारखे दिसले तर पाणी. दोन्हींत बेअरिंगचा नाश होतो, म्हणून इंजिन लगेच थांबवावे.

रिंगाच गेल्या असे ठरले तरी सगळे सामान बदलण्याची घाई नको. मेस्त्रीला सांगावे की नवी रिंग लायनरच्या तळाशी, जिथे झीज नसते तिथे, सरळ बसवून टोकांमधली फट गेजने मोज. मग वर, जिथे पहिली रिंग फिरते तिथे मोज. दोन्हींतला फरक ३.१४ ने भागला की लायनर किती झिजला ते कळते. तळाशी ०.३५ मिलिमीटर व वर ०.९८ भरली, तर फरक ०.६३, म्हणजे झीज ०.२ मिलिमीटर. अशा लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा फार दिवस टिकत नाहीत. झीज याच्या चौथाईवर असेल तर लायनर घासून रिंगा बदलणे बहुधा पुरते.

आणि लायनर झिजला कशाने? बहुतेक वेळी धुळीने. एअर क्लीनरपुढची नळी काढून आत बोट फिरवावे. खानापूरकडची लाल माती बोटाला लागली तर क्लीनरचे ऑइल गाळाने भरले आहे किंवा नळीला चीर आहे. ती बदलल्याशिवाय नवा लायनर घालणे म्हणजे पैसा विहिरीत टाकणे. दुसरे कारण थंड पाणी. विहिरीचे सगळे पाणी इंजिनातून फिरवले तर ते कधी तापतच नाही, आणि थंड इंजिन लवकर झिजते. बाहेर येणारे पाणी साठ अंशांच्या आसपास, म्हणजे हात बुडवून धरवणार नाही इतके गरम, राहील असा कॉक कमी करावा.

काढलेले काळे ऑइल हातपाय चोळायला किंवा जनावरांच्या जखमेला लावू नये. ते कातडीला अपायकारक असते. धुराची नळी इंजिनघराच्या बाहेर काढलेली असावी.