विज्ञानविषयक लेखनातील कार्यकारणभाव : लाळेतील विषाणू आणि घशाचा कर्करोग

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) आणि घशाचा कर्करोग यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• ‘संसर्ग’, ‘जोखीम’ व ‘कारण’ या संज्ञा लेखनात अचूक वापरता येतील.

प्रास्ताविक

‘लाळेतील विषाणूमुळे तोंडाचा कर्करोग होतो.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. विज्ञानलेखनाच्या दृष्टीने मात्र ते तीन ठिकाणी सैल आहे. कोणता विषाणू, कोणता अवयव आणि ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाने नेमके काय सुचवायचे आहे, हे त्यातून कळत नाही. या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

विषय-विवेचन

१. विषाणू : लाळेत अनेक प्रकारचे विषाणू आढळतात. येथे एचपीव्ही आणि विशेषतः त्याचा प्रकार १६ अभिप्रेत आहे. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाच प्रकार घशातही आढळतो. पेशींच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी ‘पी-५३’ व ‘आरबी’ ही प्रथिने या विषाणूची ‘ई-६’ व ‘ई-७’ प्रथिने निष्प्रभ करतात.

२. अवयव : या विषाणूशी निगडित कर्करोग प्रामुख्याने टॉन्सिल व जिभेचे मूळ येथे होतो. गाल, हिरड्या व जिभेचा पुढील भाग यांच्या कर्करोगामागे आपल्याकडे मुख्यतः तंबाखू, गुटखा, सुपारी व मद्य ही कारणे असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, ती याच पार्श्वभूमीवर. म्हणून ‘तोंड’ व ‘घसा’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. तसे केल्यास तंबाखू खाणारा वाचक सारा दोष विषाणूवर टाकून निश्चिंत होण्याचा धोका असतो.

३. ‘मुळे’ : अमेरिकेत ९६ हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींनी दिलेल्या चुळांच्या नमुन्यांवर आधारित एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नमुन्यात एचपीव्ही-१६ आढळला, त्यांच्यात पुढे घशाच्या या कर्करोगाची शक्यता सुमारे २२ पट दिसली. हा आकडा मोठा असला तरी तो तुलनेचा आहे. मुळात हा कर्करोग विरळा असल्याने २२ पट जोखीम म्हणजे खात्री नव्हे. बहुतेकांच्या शरीरातून हा संसर्ग आपोआप नाहीसा होतो. तो दीर्घकाळ टिकला तरच धोका वाढतो. त्यामुळे लाळेत विषाणू सापडणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे.

सैल वाक्याची किंमत माणसांना मोजावी लागते. तोंडातील या विषाणूचा प्रसार मुख्यतः मुखमैथुनातून होतो. कर्करोग स्वतः संसर्गजन्य नाही. तरीही ‘लाळेतून कर्करोग’ असे वाचून एखाद्या घरात रुग्णाचे ताट वेगळे मांडले जाऊ शकते. उलट, मानेतील गाठ, गिळताना होणारा त्रास किंवा तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास डॉक्टरांकडे जावे, ही उपयुक्त माहिती वाक्यात येतच नाही.

सारांश

मूळ वाक्याचे अचूक रूप असे होईल : ‘एचपीव्ही-१६ चा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग हे टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे; मात्र संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा कर्करोग होत नाही.’ वाक्य लांबले, पण ते विश्वासार्ह झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘२२ पट जोखीम’ आणि ‘खात्री’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. वृत्तपत्रातील आरोग्यविषयक बातमीचे एक शीर्षक निवडून त्यातील कार्यकारणभाव तपासा व ते अचूक शब्दांत पुन्हा लिहा.